रानडुकराचा शिकारी कुत्रा

न्हावरे गांवच्या शिवारांतून चालत गेलें असतां आज दोन्ही बाजूंस बहुधा ऊसच दिसतो. घोड नदीचें पाणी आणि गांवचा घोडगंगा सहकारी साखर कारखाना ह्यांच्यामुळें ह्या कोरडवाहू मुलुखाचें रूप पालटलें. दाट उसाचा फड म्हणजे रानडुकराला आयतें घर. खावयास गोड कांडें आणि दिवसभर लपावयास गार सांवली. भुईमुगाचा वाफा तर कळप एका रात्रींत नांगरल्यासारखा उकरून टाकतो. तथापि १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमान्वयें रानडुकराची परवानगीवांचून शिकार करणें गुन्हा आहे, हें विद्यार्थ्यांनीं आरंभींच लक्षांत ठेवावें.

कुत्र्यांच्या साह्यानें शिकार करण्याची कला आपल्याकडे फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत कुत्र्यांच्या विनोदास स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. डुकरामागें सोडावयाचा कुत्रा निवडतांना जाणते शिकारी जे गुण पाहतात, त्यांतील कित्येक आपणांस दोषच वाटतील.

पहिला गुण मुकेपणाचा. वास लागतांच भुंकत सुटणारा कुत्रा आपणांस हुशार वाटतो. पण रानडुकराची दृष्टि मंद असली तरी कान व नाक अत्यंत तीक्ष्ण असतात. दुरून भुंकणें ऐकूं आलें कीं तें केव्हांच निसटतें. म्हणून माग काढतांना तोंड मिटून चालणारा आणि डुक्कर समोर दिसल्यावरच आवाज देणारा कुत्रा पसंत करतात.

दुसरा गुण भीतीचा! नराचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर सतत घासून सुरीसारखे धारदार राहतात, आणि तो मान खालून वर झटकून वार करतो. त्या एका झटक्यानें कुत्र्याचें पोट फाटतें. जो कुत्रा बेभान होऊन अंगावर धांवतो, तो शूर खरा, पण त्याची शिकार पहिलीच आणि शेवटचीहि ठरण्याचा संभव असतो. शिवाय फार झोंबलें तर डुक्कर जागा सोडून पळतें. उलट, सावध कुत्रा चार हातांवर उभा राहून भुंकतो. डुक्कर चालून आलें कीं मागें सरतो, तें वळलें कीं पुन्हां पुढें येतो. डुक्कर झुडपाला पाठ लावून उभें राहतें, आणि आवाजाच्या रोखानें शिकारी तेथें पोहोंचतो. येथें कुत्र्याचें काम डुकरास मारण्याचें नसून खोळंबविण्याचें असतें. ही गोष्ट ज्यास कळली त्यास कुत्र्याची परीक्षा निम्मी साधली.

धरणाऱ्या कुत्र्यांची जात निराळी. ते कान किंवा गाल पकडून लोंबकळतात. परंतु त्यांतहि नुसता क्रूरपणा कामाचा नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील आर्जेन्टिना देशांत कार्डोबाचे झुंजीचे कुत्रे इतके भांडखोर होते कीं शिकारींत डुक्कर सोडून एकमेकांवरच तुटून पडत. तेव्हां अंतोनियो नोरेस मार्तिनेझ ह्यानें त्यांच्यांत इतर जातींचें रक्त मिसळून आपल्या साथीदारांशीं मिळून वागणारी पांढरी जात तयार केली; १९२८ मध्यें त्यानें तिचीं लक्षणें ठरवून दिलीं. धरणाऱ्या कुत्र्याचें तोंड फार चपटेंहि नसावें. तोंडांत डुक्कर धरलेलें असतांना श्वास नाकानेंच घ्यावा लागतो, आणि चपट्या नाकाचा कुत्रा उन्हांत लवकर धापा टाकूं लागतो.

पांढऱ्या कुत्र्याचा एक फायदा असा कीं झाडींत तो डुकरापासून वेगळा ओळखूं येतो. तमिळनाडूंतील राजपालयम जातीचा कुत्राहि पांढराच, आणि पूर्वीं तोहि रानडुकरांवर सोडीत. पण पांढऱ्या कुत्र्यांत जन्मजात बहिरेपणा अधिक आढळतो. म्हणून पिल्लाच्या पाठीमागें टाळी वाजवून तें वळून पाहतें काय, एवढी साधी परीक्षा अवश्य करावी.

आपल्याकडचा नांवाजलेला कुत्रा मुधोळचा. तेथील राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनीं त्याची जोपासना केली, आणि २००५ मध्यें भारतीय टपाल खात्यानें राजपालयमबरोबर त्याचेंहि तिकीट काढलें. पण तो डोळ्यांनीं शिकार करणारा, माळरानावर सशामागें वाऱ्यासारखा पळणारा प्राणी. उसाच्या फडांत चार हातांपलीकडचें दिसत नाहीं. तेथें नाकाचें काम, पायांचें नव्हे. गुण सारे खरे, परंतु जागा चुकीची!

आणखी दोन गोष्टी शिरूरसारख्या मेंढपाळांच्या मुलुखांत महत्त्वाच्या. कुत्र्यानें शेळ्यामेंढ्यांकडे ढुंकूनहि पाहूं नये. एक कोंकरूं मारलें तर धनगराशीं कायमचें वैर. आणि माग हरवल्यावर त्यानें हट्ट न धरतां परत फिरावें. शिकार बंद असली तरी हा परत फिरण्याचा गुण आज फडाच्या राखणीसहि हवा असतो. उसांत आतां बिबट्याचेंहि वास्तव्य आहे आणि कुत्रा हें त्याचें आवडतें भक्ष्य. रात्रीं डुकराचा वास येतांच जो सरळ फडांत घुसतो, तो पुष्कळदां परत येत नाहीं. जो बांधावर उभा राहून भुंकतो आणि धन्यानें हाक मारतांच खोपटाकडे वळतो, तोच सकाळीं दारांत दिसतो.