आधी एसएमपीएस बघा, मग कार्ड

ओळखीतलं कुणी मुलांसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय म्हणून विचारायला आलं, की मी आधी कार्डाचं नाव विचारत नाही. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि आतल्या एसएमपीएसवरच्या लेबलचा फोटो पाठवा, असं सांगते. पुष्कळांना ते विचित्र वाटतं. वीसपंचवीस हजार कार्डाला मोजायचे आणि चौकशी करायची ती कोपऱ्यातल्या धूळ बसलेल्या लोखंडी डब्याची! पण प्लगमधली सगळी वीज आधी त्या डब्यात येते आणि तिथून कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला जाते. आमच्या घरी जे घडलं, ते तिथेच घडलं.

लेक आर्किटेक्चरला आहे. पहिली काही वर्षं साध्या असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर निभावली. वेगळं कार्ड नव्हतं, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर ड्रॉइंग व्यवस्थित व्हायची. पुढे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करून रेंडर काढायची वेळ आली आणि मशीन जागेवर थिजायला लागलं. सोलापुरातल्या एका दुकानाने आरटीएक्स ३०५० हे ८ जीबीचं कार्ड सुचवलं. कार्ड चांगलंच आहे, आजही चालू आहे. ते बसवायला दुकानातला मुलगा घरी आला. कार्डाच्या कडेला वीज घेण्यासाठी आठ पिनांची जागा होती, आणि आमच्या जुन्या एसएमपीएसमधून तशी वायर निघतच नव्हती. त्याने बॅगेतून एक छोटा कन्व्हर्टर काढला, हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा वायरीला तो जोडला आणि दुसरं टोक कार्डात खोचलं. स्क्रीन लागली, ड्रायव्हर टाकला, पैसे दिले, तो गेला.

बरेच दिवस काहीही झालं नाही. या प्रकारातला धोका नेमका हाच, की तो लगेच दिसत नाही. रेषा काढताना, फाइल बघताना कार्डावर भार जवळजवळ नसतोच. सबमिशनच्या आठवड्यात तिने रात्री मोठं रेंडर लावलं आणि तासाभरात खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास भरला. स्क्रीन काळी झाली. मेन स्विच बंद करून झाकण काढलं, तर कन्व्हर्टरचं टोक वितळून साटा वायरीला चिकटलं होतं. त्याच वायरीवर असलेली हार्ड डिस्क गेली, तिच्याबरोबर त्या सत्राची ड्रॉइंग गेली. मैत्रिणीला पेन ड्राइव्हवर दिलेल्या जुन्या फाइल होत्या, तेवढ्यावर लेकीने रात्री जागून पुन्हा उभं केलं. ती कॉलेजला निघाली तेव्हाचे तिचे डोळे आठवले की मला अजूनही राग येतो. दुकानाने वॉरंटीचा प्रश्नच नाही म्हणून हात वर केले.

कारण समजावलं ते शेजारच्या काकांनी. ते वीज खात्यातून निवृत्त झालेले. एसएमपीएस हातात घेऊन म्हणाले, “ताई, हा वॉटचा मोठा आकडा वाचू नका. खालचा तक्ता वाचा, अँपिअर बघा.”

आमच्या डब्यावर ठळक अक्षरांत ४५० छापलं होतं. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात मात्र १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा म्हणजे १६८ वॉट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः या १२ व्होल्टवरच चालतात. एकट्या आरटीएक्स ३०५० ची मागणी १३० वॉट. प्रोसेसरसाठी उरलं काय? चांगल्या कंपनीच्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे जवळपास सगळी ताकद १२ व्होल्टवर उपलब्ध असते.

दुसरी गोष्ट वायरीची. मदरबोर्डवरच्या ज्या लांब स्लॉटमध्ये कार्ड बसतं, तो स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्यापुढची वीज कार्ड एसएमपीएसच्या वेगळ्या वायरीतून घेतं. सहा पिनांची वायर ७५ वॉटसाठी ठरवलेली आहे, आठ पिनांची १५० साठी. साटाच्या वायरीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येक पिन दीड अँपिअरची. हिशेब केला तर ५४ वॉट. ती हार्ड डिस्कसाठी केलेली, तिथे एवढं भरपूर होतं. बरीच कार्डं स्लॉटवर कमी आणि वायरीवर जास्त भार टाकतात. शिवाय रेंडर चालू असताना कार्डाची मागणी क्षणाक्षणाला उसळते, छापील आकड्याच्या कितीतरी वर जाऊन खाली येते. कन्व्हर्टर लावून पिनांचा आकार जुळतो, वायरीची ताकद तीच राहते. ट्यूबलाइटच्या वायरीवर गिझर लावण्यासारखंच हे. शंभर-दीडशे रुपयांचे हे साटाचे कन्व्हर्टर विकायलाच नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणी तुमच्या घरी तो बॅगेतून काढला, तर तिथेच हात धरा आणि काम थांबवा.

आणि ज्याची मला सर्वांत चुटपुट लागली ते हे. त्याच दुकानात तेव्हा आरटीएक्स ३०५० याच नावाचं ६ जीबीचं कार्डही होतं. २०२४ मध्ये आलेलं. ते ७० वॉटमध्ये चालतं, म्हणजे स्लॉटच्या विजेवर भागतं. त्याच्या बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागतच नाही. ते काही ८ जीबीचंच थोडं स्वस्त रूप नव्हे. त्यातले गणना करणारे कोअर कमी आहेत, मेमरीचा मार्गही १२८ बिटऐवजी ९६ बिटांचा आहे. वेग त्यामुळे कमी मिळतो. दुकानदाराने दोन्ही समोर ठेवून, “हे घेतलंत तर सध्याच्या एसएमपीएसवर निदान विचार करता येईल, ते घेतलंत तर एसएमपीएस बदलावाच लागेल,” एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. रेंडरसाठी मी आजही ८ जीबीचंच घेईन, पण चार हजारांच्या आसपासचा नवा एसएमपीएस त्याच बिलात धरून.

नावांचा हा घोळ जुना आहे. जीटी १०३० हे छोटं कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं. पुढच्या वर्षी त्याच नावाने साध्या डीडीआर४ मेमरीचं कार्ड बाजारात आलं. पहिल्याचा मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा १७ च्याही आत. खोक्यावरचं मोठं नाव एकच. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी मदरबोर्डशी फक्त चार लेनने बोलतं, त्यामुळे पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या जुन्या बोर्डावर ते मागे पडतं. त्यात व्हिडिओ एन्कोड करण्याची सोयही नाही, म्हणून लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याने ते घेऊ नये. इंटेलची आर्क कार्डं पैशाच्या मानाने चांगली आहेत, पण मदरबोर्डमध्ये ‘रिसाइजेबल बार’ची सोय नसेल तर त्यांचा वेग फार घसरतो. तेव्हा खोक्यावर मेमरी किती, कुठल्या प्रकारची आणि वॉट किती, हे तिन्ही वाचल्याशिवाय होकार देऊ नये.

मुळात कार्ड लागतं का, हेही विचारा. मराठी डीटीपी, टॅली, ऑनलाइन क्लास, दोन मॉनिटर यांसाठी प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. एका ओळखीच्या बाईंना पत्रिका छापायच्या कामासाठी कुणी कार्ड गळ्यात मारत होतं. त्यांना मी रॅम वाढवायला आणि एसएसडी टाकायला सांगितलं. त्यांचं काम झालं.

जुन्या कार्डाबद्दल. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवर चालणारी खाणकामाची पद्धत सोडली आणि रात्रंदिवस चाललेली कार्डं जगभर जुन्या बाजारात आली. खाणकामातलं प्रत्येक कार्ड खराब असतं असं नाही, पण पंखे झिजलेले असतात. त्यापेक्षा वाईट म्हणजे बनावट कार्डं. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कार्डाच्या चिपमध्ये खोटं नाव भरून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकलं जातं, आणि विंडोजही तेच खोटं नाव दाखवतं. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम अशा कार्डाच्या नावापुढे ‘फेक’ असं लिहितो. विकणाऱ्यासमोर तो चालवून बघा. शिवाय १०५० टीआय, १०६० यांची पिढी अस्सल मिळाली तरी एनव्हिडियाने २०२५ मध्ये तिचे नेहमीचे ड्रायव्हर थांबवून फक्त सुरक्षेचे अपडेट ठेवले आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा की गावातून, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. भारतात बहुतेक नव्या कार्डांना तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि ती त्या नंबरावर चालते.

घेण्याआधी घरी टेप लावून मोजा: स्लॉटच्या मागच्या पट्टीपासून समोरच्या पंख्यापर्यंत किंवा हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती मिलिमीटर जागा आहे. आता पुष्कळ कार्डं दोन-अडीच स्लॉट जाडीची असतात. ऑफिसमधून निघालेले, रिफर्बिश्ड म्हणून मिळणारे बारीक डेस्कटॉप घेत असाल तर जास्त जपा. त्यांत कमी उंचीचं, लो प्रोफाइल कार्डच बसतं, एसएमपीएस दोनशेच्या आसपास वॉटचा असतो आणि त्याचे प्लग कंपनीच्या स्वतःच्या घडणीचे, म्हणून बाजारातला दुसरा तिथे लागतही नाही.

बसवण्याचं काम अवघड नाही. आता लेक स्वतः करते, मी शेजारी टॉर्च धरते. आधी जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढायचा. एका कंपनीचं कार्ड जाऊन दुसरीचं येत असेल तर ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने तो मुळापासून निघतो. मग कॉम्प्युटर बंद, मागची पॉवर केबल काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवायचं, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवायची, विशेषतः थंडीच्या कोरड्या दिवसांत. मागच्या पट्ट्या काढून कार्ड सरळ खाली दाबायचं. स्लॉटच्या टोकाची खिट्टी ‘टक्’ करून बसली की ते पूर्ण आत गेलं. स्क्रू घट्ट करायचा, नाहीतर जड कार्ड लोंबकळतं. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर वेगळ्या. ६+२ अशी फुटलेली असते ती कार्डाची, ४+४ ती प्रोसेसरची. जोर करून खोचायचं नाही. शेवटी मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डाला लावायची. बसवलं पण वेग वाढला नाही अशा तक्रारीत अनेकदा ही केबलच जुन्या जागी सापडते. प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतंच. मदरबोर्डला केबल लावून काळीच स्क्रीन दिसेल.

यूपीएसकडेही बघा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. कार्डाच्या भारावर चालू असताना वीज गेली, तर तो सांभाळण्याऐवजी आवाज करून बंद पडू शकतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कार्डाचा विचार बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रिशियनकडून प्लगचं अर्थिंग तपासून घ्या.

कार्ड बसवून झालं की डेस्कटॉप दिसला म्हणून दुकानाच्या माणसाला सोडू नका. मुलाचं सर्वांत जड रेंडर किंवा गेम त्याच्यासमोर तासभर चालवा. तापमान ८० अंशांच्या आसपास गेलं तर घाबरायचं कारण नाही. दहा-पंधरा मिनिटांनी कार्डात जाणाऱ्या वायरीच्या प्लास्टिक टोकाला बाहेरून बोट लावून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. वास आला, मशीन आपोआप बंद झालं, तर त्याच वेळी एसएमपीएसचं लेबल त्याला दाखवा आणि अँपिअरचा हिशेब त्याच्याकडूनच कागदावर मांडून घ्या. उरलेले पैसे त्यानंतर.