हातून वस्तू सुटते? डोळेही तपासून घ्या

वयस्कर माणसाच्या हातून कप निसटला, की घरचे म्हणतात, 'हातात आता जोर राहिला नाही.' मग रबरी चेंडू दाबण्याचे व्यायाम सुरू होतात. अशा वेळी डोळ्यांचीही तपासणी व्हायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे, कारण वस्तूला हात लागण्याआधीच पकड बरीचशी ठरलेली असते. वसई किंवा अर्नाळ्याच्या बाजारात पापलेट उचलणारा हात नीट पाहा. टोपलीकडे जाता जाताच बोटं उघडतात, माशापेक्षा थोडी जास्तच फाकतात आणि मासा जवळ आला, की मिटू लागतात. मासा मोठा, तर पंजाही मोठा उघडतो. फ्रेंच संशोधक मार्क झानरो यांनी १९८०च्या दशकात हेच मोजून दाखवलं. एक डोळा झाकला, की हाच हात संथ आणि सावध होतो.

'पण मी तर रोज पेपर वाचतो,' असं कोणी म्हणेल. वाचता येणं आणि नेमकं धरता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. १९८८ मध्ये एका महिलेच्या मेंदूला न्हाणीघरातल्या गॅस हीटरच्या विषारी वायूने इजा झाली. समोरची फट उभी की आडवी, हे तिला सांगता येत नसे, पण त्याच फटीत कार्ड टाकायला सांगितलं, की तिचा हात वाटेतच योग्य कोनात वळे. गुडेल आणि मिल्नर या संशोधकांनी हे तपासलं आणि ओळखण्याची व धरण्याची नजर मेंदूत वेगळ्या वाटांनी जाते, असं मांडलं. शिवाय पेपर एका चांगल्या डोळ्यानेही वाचता येतो. जवळच्या अंतराचा बारीक अंदाज दोन्ही डोळ्यांच्या जोडीवर अवलंबून असतो. दृष्टिहीन माणसंही कप उत्तम धरतात, हा आक्षेप रास्त आहे. पण ती स्पर्शाने माप घेतात. मोतीबिंदू हळूहळू वाढणारा माणूस जुन्याच वेगाने हात टाकत राहतो.

म्हणून एका डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन दुसऱ्याची बाकी असेल, तर विळी, उकळता चहा आणि विरार लोकलच्या दारातला दांडा यांपाशी घाई नको. स्टीलच्या ओट्यावर स्टीलचा पेला ठेवताना खाली गडद फडकं घाला. हाताला मुंग्या येत असतील, तर मधुमेह आणि मानेच्या नसाही तपासा. एकाएकी एका हातातली ताकद गेली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर चष्म्याचा विचार बाजूला ठेवून लगेच १०८ला फोन करा.