एक फळी, दोन जीव

स्वतःचा जीव वाचवावा की दुसऱ्याचाही विचार करावा, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. ग्रीक तत्त्वज्ञ कार्नेआडीझ इ. स. पू. १५५ मध्ये अथेन्सचा दूत म्हणून रोमला गेला होता. त्याच्या नावाने पुढील दृष्टान्त सांगितला जातो. जहाज फुटले आहे. एकाच माणसाचा भार पेलेल अशी एक फळी तरंगत आहे आणि एक दुर्बळ मनुष्य तिला बिलगला आहे. बलवानाने त्याला ढकलले, तर तो शहाणा ठरेल, पण न्यायी ठरणार नाही; न ढकलले, तर न्यायी ठरेल, पण मूर्ख समजला जाईल.

हा दृष्टान्त पुढे एका खऱ्या खटल्यात उभा राहिला. ५ जुलै १८८४ रोजी 'मिन्योनेट' ही इंग्लिश नौका दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. कप्तान डडली, स्टीफन्स, ब्रूक्स आणि सतरा वर्षांचा पार्कर असे चौघे एका उघड्या होडीत उरले. जवळ सलगमचे दोन डबे होते; पिण्याचे पाणी नव्हते. कोणी मरावे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, असे डडलीने सुचविले. ब्रूक्सने संमती दिली नाही आणि पार्करला तर विचारण्यातही आले नाही. अखेर आजारी पार्करला ठार करण्यात आले व त्याच्या देहावर इतरांनी गुजराण केली. २९ जुलैला एका जर्मन जहाजाने तिघांना वाचविले. निरुपायाची सबब इंग्लंडच्या न्यायालयाने मान्य केली नाही. कोणाचा जीव जावा हे कोणी ठरवावयाचे, असा प्रश्न न्यायमूर्तींनी विचारला. बळी पडला तो सर्वांत तरुण आणि सर्वांत असहाय होता. डडली व स्टीफन्स यांना झालेली देहान्ताची शिक्षा नंतर सहा महिन्यांच्या कारावासावर आणण्यात आली.

१९५० साली अमेरिकेत 'कैद्यांचा पेच' मांडण्यात आला. समजा, दोन साथीदार वेगवेगळ्या कोठड्यांत आहेत. दोघेही गप्प राहिले, तर प्रत्येकी एक वर्षाची शिक्षा. दोघांनीही एकमेकांविरुद्ध साक्ष दिली, तर प्रत्येकी पाच वर्षे. एकानेच साक्ष दिली, तर तो सुटतो आणि दुसऱ्यास दहा वर्षे भोगावी लागतात. दुसरा काहीही करो, साक्ष देणेच प्रत्येकाच्या फायद्याचे ठरते. म्हणून दोघेही साक्ष देतात आणि एका वर्षाऐवजी पाच वर्षे तुरुंगात काढतात.

फळीवर दोघांचे भागणे शक्यच नव्हते. कोठडीत ते शक्य होते, पण परस्परविश्वासाच्या अभावी हातचे गेले. हाच डाव त्याच दोघांत वारंवार खेळला गेला, तर चित्र पालटते. रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी संगणकावर घेतलेल्या स्पर्धांत अनातोल रापोपोर्ट यांची साधी नीती विजयी ठरली: प्रथम सहकार्य करावे आणि त्यानंतर समोरच्याने जसे केले तसे करावे. उद्या पुन्हा गाठ पडणार असेल, तर सहकार्य हा भाबडेपणा राहत नाही.

म्हणून 'मी की तो' असे विचारण्यापूर्वी फळी खरोखरच एकाची आहे काय, हे तपासणे अगत्याचे ठरते. शेजार, बाजार, पाण्याची वाटणी अशा बहुतेक व्यवहारांत ती तशी नसते. ती तशी आहे असे मानून वागणारा मनुष्य दुसऱ्याला तर बुडवतोच, आणि पुष्कळदा स्वतःचाही आधार घालवून बसतो.