पळसदेवचं बेट: आधी उजनीची पातळी, मग सुट्टी

ज्वालामुखीच्या बेटावर चालायला रियुनियनलाच जावं लागतं असं नाही. हिंद महासागरातल्या त्या बेटाखाली जो तप्त स्रोत आज धगधगतो आहे, त्यातूनच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा आला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. पळसदेव ज्यात येतं त्या इंदापूर तालुक्यातला काळा दगड त्याच घराण्यातला. इथे ना शिखर ना ज्वालामुखीचं तोंड, मग कसला ज्वालामुखी, असं कोणी विचारेल. पण दख्खनचा लाव्हा एका डोंगराच्या माथ्यातून उसळला नाही. तो जमिनीच्या लांबलचक भेगांतून थरावर थर वाहत गेला, म्हणून मुलूख सपाट राहिला. बेट मात्र अगदी अलीकडचं. १९८० मध्ये भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं, जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं आणि पळसनाथाचं दगडी देऊळ जलाशयात एकटं उरलं. गाव वर, पुणे-सोलापूर महामार्गाजवळ येऊन वसलं. बारामतीकरांना भिगवणमार्गे सोपं पडतं. रेल्वेने येणाऱ्यांनीही भिगवण स्थानकावर उतरावं.

इथली वाट पाण्याच्या पातळीवर ठरते, आणि ती पातळी कशी वाचायची हे न कळल्याने बरेच जण फसतात. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या सुमारे ५३ टीएमसीची. म्हणजे ‘उजनी शून्यावर’ अशी बातमी येते तेव्हाही निम्म्याहून जास्त पाणी धरणात असतं. ती बातमी वाचून बूट चढवणाऱ्याला पाण्याच्या काठावरच थांबावं लागण्याची शक्यता मोठी. धरण बरंच ‘मायनस’मध्ये जातं तेव्हा देवळाचा पायथा उघडा पडू लागतो. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. असं प्रत्येक वर्षी होत नाही. पाणी भरपूर असताना होडी आणि तळ नीट सुकल्यावर पाय, या दोन्ही गोष्टी समजण्यासारख्या आहेत. टाळायचा तो मधला काळ. पाणी नुकतंच हटलेलं असतं, वरची साय वाळून तडकलेली दिसते, पण खाली गुडघाभर गाळ ओलाच असतो. स्थानिक माणूस गाळपेरीच्या शेतांच्या बांधाने जातो, नवखा सरळ रेषेत. सरळ रेषेचा मोह सोडावा, उभ्या पिकातून जाऊ नये आणि काठावर पसरलेल्या पाणबुडी मोटारींच्या केबल व पाइप ओलांडताना विशेष जपावं. पाण्यात गेलेली केबल तर दुरूनच टाळलेली बरी.

पावसाळ्याच्या तोंडावर जाऊ नये, यामागचं कारण इंदापूरच्या आभाळात सापडणार नाही. तालुका पर्जन्यछायेतला, इथे ऊन तापलेलं असतानाही पाणी चढू शकतं, कारण ते मावळ-मुळशीच्या घाटमाथ्यावरून भीमा, मुळा-मुठेतून दौंडमार्गे येतं. जाण्याआधी उजनीची टक्केवारी आणि दौंडचा विसर्ग दोन्ही पाहावेत. विसर्ग वाढत असेल तर बेत पुढे ढकलावा, कारण बेटावर पोचण्यापेक्षा तिथून परत येता येणं महत्त्वाचं. रियुनियनला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी जागा होऊ लागला की प्रशासन विवराकडची वाट बंद करतं. इथे ती जबाबदारी ज्याची त्याने घ्यायची आहे.

सपाट जमीन, त्यात ही कसली खबरदारी, असं सह्याद्री चढणाऱ्यांना वाटेल. पण गडावर निदान झाडी, टाकं, कातळाची सावली असते. उघड्या पडलेल्या तळावर मैलभर काहीच नसतं, आणि काळा दगड तापतो तो वेगळाच. माणशी तीन लिटर पाणी न्यावं, उजाडताना निघावं, दहाच्या आत परत फिरावं. दुसरा आक्षेप असा की होडीत बसलं की एवढी चिंता कशाला. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीतल्याच कुगाव ते कळाशी या जलमार्गावर वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा जण बुडाले. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा वारा उठतो, आणि उजनीचं पात्र इतकं रुंद की लाटा समुद्राची आठवण करून देतात. म्हणून होडी फक्त सकाळी, आणि लाइफ जॅकेट अंगात असेल तरच. होडीच्या तळाशी ठेवलेलं जॅकेट काही कामाचं नाही.

दुष्काळात उघड्या पडलेल्या गावाकडे सहलीला जावं का, हा प्रश्न या सगळ्यांपेक्षा अवघड आहे. ज्यांची घरं बुडाली त्यांच्याच पुढच्या पिढ्या शेजारी राहतात. माझ्या मते जावं, पण ती पडझड म्हणजे कुणाचं तरी अंगण होतं हे ध्यानात ठेवून. वीरगळांवर बसू नये, देवळाच्या शिखरावर तर अजिबात चढू नये. पाण्याच्या चढउतारात वर्षानुवर्षं भिजून-वाळून त्याचे सांधे सैल झालेले असणार. हिवाळ्यात, पाणी असताना होडीने गेलं तर फ्लेमिंगोही दिसतात आणि कुणाच्या दुष्काळाची वाट पाहावी लागत नाही, म्हणून मी तोच काळ सुचवेन. वारा असेल, जॅकेट नसेल किंवा नावाडी नको म्हणाला, तर हुज्जत घालू नका. काठावरून देऊळ पाहा आणि भिगवणला जाऊन चिलापी खा.