फ्रान्सला शिकायला जाताय? जेवणाचं आधी बोला

फ्रान्सला शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या घरी व्हिसा, घरभाडं, थंडीचे कपडे यांवर महिनोन् महिने बोलणं चालतं. जेवणाचा विषय मात्र बॅगेत मेतकूट आणि भाजणी भरली की संपतो. मी ल्योंला शिकायला होते. घरचं वळण पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. अभ्यासाइतकंच मला तिथं जेवणानं दमवलं, आणि पुढं तिथल्या सगळ्या ओळखीही जेवणामुळेच झाल्या. म्हणून नव्यानं जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही. तिथल्या शाकाहारात अंडं धरलेलं असतं. ‘मांस नको’ म्हटलं तर काहींना मासे चालतील असं वाटतं. एका रेस्टॉरंटमध्ये मी मांस नसलेलं सॅलड मागितलं. वेटरनं हसून मान डोलावली, आणि पानांखाली डुकराच्या मांसाचे परतलेले बारीक तुकडे निघाले. त्यांना ‘लार्दों’ म्हणतात. ते चवीपुरते घातलेले, त्यामुळे तो पदार्थ मांसाहारी आहे असं त्या माणसाच्या मनातही आलं नव्हतं. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण मी ते ताट तसंच ठेवून उठले. तेव्हापासून एक कागद जवळ ठेवला. मांस, मासे, हॅम, लार्दों, अंडं, मांसाचं स्टॉक, जिलेटिन यांतलं काहीच चालत नाही, असं त्यावर शुद्ध फ्रेंचमध्ये लिहून घेतलं होतं. तुम्हीही विमानात बसण्याआधी असा कागद करून घ्या.

त्यात स्टॉक आणि जिलेटिन मुद्दाम लिहायचं, कारण ते दिसत नाही. कांद्याचं प्रसिद्ध सूप बहुधा गोमांसाच्या स्टॉकमध्ये करतात. किश लोरेनमध्ये लार्दों असतात. ल्योंची खासियत असलेल्या ‘कनेल’मध्ये नदीतल्या माशाचा गर असतो. मूस आणि मलईच्या केकमध्ये जिलेटिन असू शकतं. चीजचा प्रश्न ज्यानं त्यानं आपल्यापुरता सोडवावा. कोंतेसारखी पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या द्रव्यानं दूध फाडून करतात. वेष्टनावर ‘प्रेझ्यूर’ हा शब्द दिसला तर ते तेच.

मग खायचं काय? सगळ्यात मोठा आधार विद्यापीठाच्या खानावळीचा, म्हणजे ‘रेस्तो-यू’चा. मी होते तेव्हा तिथं पूर्ण जेवण ३.३० युरोंत मिळायचं. २०२१च्या हवामान कायद्यामुळं २०२३पासून अशा सरकारी खानावळींना रोज एक शाकाहारी पर्याय ठेवावा लागतो. त्यात अंडं आहे का, हे मात्र रोज विचारायचं. ब्रिटनीच्या ‘गालेत’ कुट्टूच्या पिठाच्या असतात. चीज, मशरूम, पालक घालून मागितल्या की पोटभर होतात. ल पुईच्या हिरव्या मसुरीही मिळतात. शिजून गळत नाहीत, त्यामुळं वरण नीट जमत नाही, पण उसळ फार छान होते.

वेळेचंही भान ठेवा. दुपारचं जेवण बारा ते दोन. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं आणि संध्याकाळी सातनंतरच उघडतं. रविवारी दुपारनंतर बहुतेक दुकानंही बंद, तेव्हा शनिवारीच भाजी आणि ब्रेड आणून ठेवा. बाहेर जेवताना नळाचं पाणी आणि ब्रेड मागितल्यास वेगळे पैसे पडत नाहीत. सेवेची रक्कम किमतीतच धरलेली असते, त्यामुळं टिप द्यायलाच हवी असं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आहे ते कुणाच्या घरचं जेवण. वर्गमैत्रिणीच्या आईवडिलांनी एका रविवारी बोलावलं, तेव्हा मी होकारासोबतच काय खात नाही ते तिच्याकरवी कळवलं. काकूंनी बटाट्याचं ग्रातँ केलं, मसुरीचं सॅलड केलं, आणि माझ्यासाठी काही वेगळं रांधलंय असं कुणाला जाणवूही दिलं नाही. तेच मी टेबलावर बसल्यावर सांगितलं असतं, तर त्यांना किती ओशाळं वाटलं असतं! आम्ही एक वाजता बसलो ते उठलो साडेचारला. आधी पेय, मग सुरुवातीचा पदार्थ, मुख्य जेवण, चीज आणि शेवटी गोड. याच रीतीच्या ‘फ्रेंच भोजना’ला युनेस्कोनं २०१०मध्ये सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. एवढे पदार्थ एकामागून एक येतात, म्हणून पहिल्या पदार्थानं पोट भरू नका.

आपल्याकडे दोनदा ‘नको’ म्हटलं तरी यजमान आग्रहानं वाढतात. तिथं पहिलं ‘नको’ शेवटचं मानतात, त्यामुळं हवं असेल तर संकोच न करता ‘हो’ म्हणा. सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबा. मनगटं टेबलावर दिसू द्या. ब्रेड ताटाशेजारी टेबलक्लॉथवर ठेवला तर चालतो. वाइन नको असेल तर सुरुवातीलाच सरळ सांगा, कुणी रागावत नाही. आणि फुलं नेणार असाल तर शेवंती नेऊ नका. आपल्याकडे ती देवाला आणि वेणीला, पण फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरच्या सुमारास थडग्यांवर वाहतात.

आता खरी धोक्याची सूचना. खाण्याची अडचण नको म्हणून आपली काही मुलं खोलीत डाळभात लावून एकटीच जेवतात. सुरुवातीला ते सोयीचं वाटतं, पण हिवाळा येईपर्यंत त्यांचा एकही फ्रेंच मित्र झालेला नसतो, भाषा अडखळतच राहते आणि मन खचत जातं. मी हे जवळून पाहिलंय. वर्गात कामापुरतं बोलणारी फ्रेंच मुलं जेवताना तासन् तास बोलतात. घर कुठं शोधावं, प्रबंधासाठी कुणाकडे जावं, इंटर्नशिपचं पत्र कसं लिहावं, हे मला वर्गात कुणी सांगितलं नाही, जेवताना सांगितलं. डाळभात जरूर करा, पण महिन्यातून एकदा वर्गातल्या चौघांना तो खायला बोलवा. थालीपीठ आणि लोणी तर त्यांना मनापासून आवडतं.

आईवडिलांनाही एक विनंती. फोनवर ‘काय खाल्लंस?’ विचारता, तसं ‘कुणाबरोबर जेवलीस?’ हेही विचारत जा. आणि मुलांनो, कुणाचं बोलावणं आलं तर आपण काय खात नाही ते त्याच दिवशी कळवा, आणि नक्की जा.