हापसा आणि मोटार
(खेड्यांतील मंडळ्यांकरिता पाठ)



याकोबाच्या विहिरीवर पाण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. पाणी देऊ म्हणणाऱ्या प्रवाशास तिने प्रथम हेच विचारले की, विहीर खोल, आणि तुजजवळ तर पोहरा नाही, मग पाणी काढणार कशाने? तिची शंका व्यवहाराची होती. पाणी असणे ही एक गोष्ट आणि ते वर आणण्याचे साधन आपल्या हाती असणे ही दुसरी. आजचा पाठ ह्या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे.

आपल्या घरातील एका दिवसाचा विचार करा. पहाटे मोटारीचे बटन दाबले म्हणजे टाकी भरते. दळण गिरणीवर जाते, कारण जाते कधीच अडगळीत पडले. रास्त भावाच्या दुकानात यंत्रावर अंगठा लावावा लागतो, आणि रेंज नसेल तर धान्य समोर असूनही खोळंबावे लागते. ही साधने वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. जात्याने व रहाटाने आपल्या आयाबहिणींचे हात किती झिजविले हे ज्याने पाहिले आहे, तो असे कधीही म्हणणार नाही. परंतु डीपी जळते, चार दिवस वीज येत नाही, तेव्हा घागर पुन्हा कोणाच्या डोक्यावर चढते? यंत्र बंद पडले की त्याचा भार प्रथम स्त्रियांवर व मुलींवर पडतो, हे विसरू नये.

ह्या बाबतीत जालन्याजवळ सांगण्यासारखी स्वतःची एक गोष्ट आहे. १९७० च्या सुमारास, जालना अद्याप औरंगाबाद जिल्ह्यात असताना (स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला), महाराष्ट्रावर अवर्षणाचे संकट आले. ते १९७२ साली पराकोटीस पोहोचले. आडविहिरी आटल्या. काळ्या पाषाणात खोल बोअर घेण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. बोअर झाले, परंतु त्यांवर बसविलेले बिडाचे पंप टिकेनात. ते मूळ एका कुटुंबाच्या अंगणासाठी योजिलेले होते. येथे त्यांवर शेकडो माणसे दिवसभर दांडा मारीत. तेव्हा स्कॉटलंडच्या मंडळीच्या जालना येथील मिशनाच्या पाणीकामात पोलादाचा नवा, मजबूत पंप तयार करण्यात आला. तो 'जालना पंप' ह्या नावाने प्रसिद्ध झाला. पुढे सोलापुरात त्यात सुधारणा झाली. त्यानंतर युनिसेफ, भारत सरकार व येथील अभियंते ह्यांनी त्या दशकाच्या उत्तरार्धात त्यावरूनच 'इंडिया मार्क टू' पंप सिद्ध केला. आपल्या गावाच्या चौकात उभा असलेला हापसा बहुधा त्याच वंशातील आहे. भारतभर व आफ्रिका खंडातही त्याचे लाखो भाऊबंद लोकांना पाणी पाजीत आले आहेत.

त्याची रचना पाहा. दांड्याच्या टोकाशी साखळी असते. साखळीस सळया जोडलेल्या असतात, आणि खाली पाण्यात बुडालेल्या नळकांड्यात वायसर असते. दांडा दाबला की सळई वर येते व तिच्याबरोबर पाणी चढते. ह्यात तार नाही, इंधन नाही. परंतु निगा मात्र हवी. साखळीस वंगण द्यावे, ढिले झालेले नट आवळावे, ओट्याभोवती पाणी साचू देऊ नये, आणि वायसर झिजले की वेळीच पंचायत समितीस कळवावे. जो हापसा कोणाचाच नसतो तो मोडतो, आणि ज्याची काळजी घेणारा कोणी असतो तो वर्षानुवर्षे चालतो.

आता बऱ्याच गावी काय घडते ते सांगावयास हवे. हापसा उपटून त्याच बोअरात मोटार सोडतात. सोय होते खरी, पण वीज गेली म्हणजे बोअरात पाणी असूनही आपण त्या शोमरोनी स्त्रीच्या शंकेपाशीच येऊन उभे राहतो. दुसरेही एक नुकसान होते. दांडा मारणाऱ्या हातास प्रत्येक घागरीचे मोल कळते. बटन दाबणाऱ्या बोटास ते कळत नाही. म्हणून मोटार नको तितका उपसा करिते, भूगर्भातील पाणी खोल जाते, आणि सुमारे दीडशे फुटांच्या खाली ते गेले की साधा हापसाही निरुपयोगी होतो.

हे संकट केवळ खेड्याचे आहे असे समजू नका. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज एकाएकी गेली, तेव्हा लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या आणि रुग्णालयांस आपल्या जनित्रांवर विसंबावे लागले. ज्यांनी जनित्रे आधी सिद्ध ठेविली होती त्यांचे काम चालले. दहा कुमारींच्या दृष्टांतात शहाण्या पाचजणींनी हेच केले. त्यांनी दिवे टाकून दिले नाहीत, दिव्यांबरोबर तेलही घेतले.

तेव्हा उपाय यंत्र टाकण्यात नाही. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी एकाच बोअरावर सौर पंप व हापसा दोन्ही बसविण्याची दुहेरी पंपाची योजना अमलात आली आहे. सूर्य असेल तेव्हा टाकी भरते, नसेल तेव्हा दांडा हाती असतोच. आपल्या ग्रामसभेत अशी मागणी करावी. निदान चालू हापसा काढू देऊ नये. आणि पाऊस पडेल तेव्हा बोअराभोवतालच्या जमिनीत पाणी मुरेल अशी तजवीज करावी.

साधन आपले चाकर असावे, धनी नसावे. ज्याची दुरुस्ती आपणांस ठाऊक आहे आणि ज्याच्यावाचून चार दिवस निभावण्याची तयारी आहे, तेच साधन चाकर राहते.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या गावात चालू हापसे किती व बंद किती? बंद असलेल्यांची तक्रार कोणी केली आहे काय?

२. वीज आठ दिवस गेली तर मंडळीतील वृद्ध, आजारी व विधवा ह्यांच्या घरी पाणी कोण पोहोचवील? त्याची नावे आजच ठरवावी.

३. साखळीस वंगण देण्याचे काम मंडळीतील कोणता तरुण आपल्या अंगावर घेईल?