हा 'लिंब' कोणता?

आपल्या फलटण-साताऱ्याकडे लिंब म्हटले की कडुलिंब आठवतो. 'गो आउट ऑन अ लिंब' या इंग्रजी वाक्प्रचारातील 'लिंब' मात्र झाडाची मोठी फांदी होय. तिच्या टोकाकडे सरकण्यात धोका का असतो?

समजा, तुमचे वजन ४०० न्यूटन आहे. खोडापासून अर्ध्या मीटरवर बसलात, तर फांदीच्या बुडाशी परिबल (वजन × अंतर) २०० न्यूटन-मीटर होते. २ मीटरवर गेलात की ८००! वजन तेच, परिबल चौपट. शिवाय टोकाकडे धरायला आधारही नसतो.

म्हणून इतरांचा पाठिंबा नसताना वेगळे मत मांडण्याचा धोका पत्करणे, असा या वाक्प्रचाराचा अर्थ झाला. कोल्हापूरला १९३८ मध्ये जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी १९९३ मध्ये हॉइल व बर्बिज यांच्यासह महास्फोट सिद्धान्ताला पर्यायी असा विश्वरचनेचा सिद्धान्त मांडला. तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूचे होते, आजही आहेत. पण नारळीकरांनी आपला सिद्धान्त निरीक्षणांच्या कसोटीला लावला.

विज्ञानात फांदीवर पुढे जरूर जावे. मात्र आपले मत कोणत्या निरीक्षणाने मोडेल, हे आधी सांगावे. ते न सांगता पुढे जाणे हे धाडस नव्हे, नुसता हट्ट!